जीएनयू ऑक्टेव्ह: ग्राफ सुबक काढतो, शंका मात्र आपण घ्यायची

गणिती फंक्शनचे ग्राफ काढायला फुकटातलं पण भक्कम सॉफ्टवेअर हवं असेल, तर जीएनयू ऑक्टेव्ह बिनदिक्कत घ्यावा. बीएस्सी-इंजिनिअरिंगची पोरं, प्रॅक्टिकल घेणारे शिक्षक, मॅटलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरच्या लायसनचा खर्च झेपत नाही किंवा करायचा नाही असे सगळे, यांचं काम त्यात होतं. अकरावी-बारावीच्या मुलाला पॅराबोला कसा सरकतो एवढंच बघायचं असेल तर मात्र ऑक्टेव्हच्या नादी लागू नये. तिथे डेस्मॉस किंवा जिओजेब्रासारखं ग्राफचं सोपं ॲप उघडावं, स्लायडर इकडेतिकडे करावा, विषय संपला. ऑक्टेव्हचं काम त्याच्या पुढचं आहे: दोनशे ओळींची आकडेमोड करून आलेला डेटा, त्यावर बसवलेलं सूत्र, आणि ते दोन्ही एकाच चित्रात, प्रोजेक्ट रिपोर्टात शोभेल असं.

हे प्रकरण सुरू झालं ते केमिकल इंजिनिअरिंगच्या वर्गात. रिॲक्टर डिझाइनच्या एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून याची कल्पना निघाली, जॉन ईटन यांनी १९९२ मध्ये ते नीट लिहायला घेतलं आणि १९९४ मध्ये १.० आवृत्ती बाहेर पडली. नावावरून हे संगीताचं काहीतरी असावं असं वाटतं, पण ते ईटन यांचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून ठेवलेलं आहे. पाकिटाच्या पाठीवर झटपट अंदाज काढून दाखवण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. बरीच वर्षं सगळं काळ्या टर्मिनलमध्येच चाले. खिडक्या, एडिटर, व्हेरिएबलची यादी असलेला चेहरा अधिकृतपणे मिळाला तो २०१५ च्या ४.० आवृत्तीत. २०२५ मध्ये दहावी आवृत्ती आली. जुन्या कॉलेज लॅबमध्ये अजून ४.० च्या आधीची दिसली तर आधी ती बदलून घ्या. ग्राफच्या बाबतीत दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विंडोजवर इन्स्टॉलर चालवला की झालं, सगळं त्यातच येतं. उबुंटूवर नेहमीच्या ॲप्टने येतो. इन्स्टॉल केल्यावर पहिला ग्राफ उघडायला थोडा वेळ लागतो, तेव्हा हँग झालं समजून बंद करू नका. जुन्या लॅपटॉपवर किंवा रिमोट डेस्कटॉपवर ग्राफची खिडकी पांढरीफटक राहिली तर दोष बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो. अशा वेळी ‘ग्राफिक्स_टूलकिट’ ही कमांड देऊन ‘क्यूटी’ या नेहमीच्या चित्र-यंत्रणेऐवजी ‘नूप्लॉट’ निवडायचा. दिसायला जरा जुनाट, पण चित्र येतं.

पुढे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायच्या. सगळ्यात साधा ग्राफ असा निघतो:

एक्स = लिनस्पेस(०, २*पाय, २००);
वाय = साइन(एक्स);
प्लॉट(एक्स, वाय)

पहिल्या ओळीने ० ते २π मध्ये सारख्या अंतरावर २०० बिंदू तयार झाले, दुसरीने प्रत्येकाची साइन काढली, तिसरीने ते जोडले. ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरलात तर दोनशेच्या दोनशे आकडे स्क्रीनवर ओतले जातात. चूक नाही ती, नुसता पसारा. लिनस्पेसऐवजी ‘०:०.०१:२*पाय’ असंही लिहिता येतं, पण मग शेवटचा बिंदू ६.२८ वर थांबतो, २π पर्यंत पोचत नाही. पूर्ण आवर्तन दाखवायचं असेल, तेही उजव्या टोकाला अक्षावर टेकलेलं, तर लिनस्पेसच बरा.

आता मुद्द्याचं. ऑक्टेव्हला तुमचं फंक्शन ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतात ते तुम्ही दिलेले बिंदू, आणि दोन शेजारच्या बिंदूंमध्ये तो सरळ रेघ ओढतो. बस. ग्राफची जवळजवळ सगळी गडबड या एका गोष्टीतून निघते.

याची खात्री करायची असेल तर लिनस्पेसमधला तिसरा आकडा काढून टाका. मग तो आपल्या मनाने १०० बिंदू घेतो. आता साइन(एक्स) ऐवजी साइन(१००*एक्स) चा ग्राफ काढा. शंभर लाटा दिसायला हव्यात. दिसते ती एकच, संथ, गुळगुळीत, थेट साइन एक्ससारखी. सारखी कसली, तीच. १०० बिंदूंमध्ये ९९ भाग पडतात, म्हणजे दोन बिंदूंतलं अंतर २π/९९. त्याला १०० ने गुणलं की २π अधिक २π/९९ होतं, त्यातला पूर्ण फेरा साइन गिळून टाकते आणि उरतं तेच मूळ अंतर. प्रत्येक बिंदूवर दोन्ही फंक्शनची किंमत एकच. साइन(९९*एक्स) काढलात तर आणखी गंमत: सगळ्या किमती शून्याच्या आसपास, उभ्या अक्षावर १० चा उणे १४ वा घात वगैरे, आणि रेघ म्हणजे नुसती पूर्णांकनाची खरखर. म्हणून लाटांच्या फंक्शनला एका लाटेमागे निदान वीस बिंदू द्यायचे. इथे २००० च्या वर. ग्राफ बरोबर आहे का हे बघायची सोपी रीत म्हणजे बिंदूंची संख्या दुप्पट करून पुन्हा काढणं, पण नेमकी दुप्पट नको, २००० ची ४०१३ वगैरे करा. चित्र बदललं तर आधीचं खोटं होतं. साइन(१/एक्स) ला मात्र शून्याजवळ कितीही बिंदू पुरणार नाहीत. तिथे ग्राफ ०.०१ पासून सुरू करून तसं लिहून टाकणं हेच प्रामाणिक.

दुसरी मोठी ठेच म्हणजे टिंब. नवख्याला सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. ऑक्टेव्हच्या लेखी एक्स म्हणजे एक ओळ आणि दोनशे स्तंभांचा मॅट्रिक्स. त्यामुळे ‘*’, ‘/’ आणि ‘^’ ही चिन्हं मॅट्रिक्सची, आणि प्रत्येक बिंदूवर वेगळी क्रिया हवी असेल तर आधी टिंब: ‘.*’, ‘./’, ‘.^’. एक्स^२ लिहिलंत तर ऑक्टेव्ह एरर देतो आणि टिंबवाली खूण वापरा असं स्वतःच सांगतो. एक्स*साइन(एक्स) लिहिलंत तर ‘नॉनकन्फॉर्मंट’ म्हणून ओरडतो आणि दोन्हींचं माप दाखवतो, एक बाय दोनशे, एक बाय दोनशे. हे ठीक आहे, ओरडणारी चूक पकडता येते.

न ओरडणारी चूक भागाकारात आहे. साइन(एक्स)/एक्स असं बिनटिंबाचं लिहा, एक्स उणे १० ते १० घ्या. एररबिरर काही येत नाही. वाय मध्ये दोनशे आकड्यांच्या जागी एकच आकडा येऊन बसतो, साधारण ०.०२२. मॅट्रिक्सचा भागाकार म्हणजे ऑक्टेव्हला समीकरण सोडवायचं असतं, आणि बरोबर उत्तर शक्य नसेल तर तो लघुतम वर्गांचं, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी असलेलं, उत्तर देतो. हा आकडा तो आहे. खिडकी उघडते, अक्ष येतात, वक्र नाही. याहून वाईट प्रकार १/एक्स चा. एक्स आडवा असेल तर एरर येते, सुटलात. पण फाइलमधून वाचलेला डेटा बहुधा उभा असतो, दोनशे ओळी एक स्तंभ. अशा एक्सला १/एक्स केलं की दोनशे आकड्यांचं रीतसर उत्तर येतं, ग्राफही येतो, आणि तो असतो सरळ रेषेचा. हायपरबोलाच्या जागी शून्यातून जाणारी सरळ रेषा! कारण तेच: प्रत्येक आकडा म्हणजे एक्स भागिले सगळ्या एक्सच्या वर्गांची बेरीज. प्रॅक्टिकलच्या वहीत असा ग्राफ चिकटवून खाली ‘निष्कर्ष’ लिहिणारे असू शकतात, त्यात नवल नाही.

उभ्या-आडव्याचा आणखी एक फटका. एक्स आडवा आणि वाय उभा असताना नुसती बेरीज केली तरी ऑक्टेव्ह तक्रार करत नाही. दोन्ही ताणून दोनशे बाय दोनशेचा मॅट्रिक्स करतो. प्लॉटला तो दिला की एकाच खिडकीत दोनशे रेघांची रंगीत चटई. असं चित्र दिसलं की ‘साइझ(वाय)’ विचारायचं, उत्तर तिथेच मिळतं.

घनमूळ, लॉग आणि वर्गमूळ यांच्या बाबतीत डाव्या बाजूला डोळे उघडे ठेवा. (-८)^(१/३) चं उत्तर ऑक्टेव्ह उणे २ देत नाही, १ + १.७३२१आय देतो. गणिताने ते चूक नाही, तीन घनमुळांतलं ते मुख्य मूळ आहे. पण प्लॉट त्यातला वास्तव भाग तेवढा उचलतो. परिणाम असा की वाय = घनमूळ एक्सच्या ग्राफची डावी बाजू खाली जायच्या ऐवजी अक्षाच्या वर येते, उजव्या बाजूच्या बरोबर निम्म्या उंचीवर. लॉगचं तसंच: ऋण एक्सला वास्तव भाग म्हणजे निरपेक्ष किमतीचा लॉग, म्हणून डावीकडे आरशातली प्रतिमा उमटते. वर्गमुळाचा वास्तव भाग शून्य, म्हणून डावीकडे अक्षाला चिकटलेली सपाट रेघ. तिन्ही चित्रं दिसायला निर्दोष. घनमुळाला ‘एन्थरूट(एक्स, ३)’ वापरा, लॉग आणि वर्गमुळाला एक्सची सुरुवातच योग्य जागी करा. शंका आली तर ‘इजरिअल(वाय)’ विचारा, शून्य आलं की समजायचं पाणी मुरतंय.

टॅन एक्सचा ग्राफ हा तर परीक्षेचाच प्रश्न. उणे π ते π, २०१ बिंदू घ्या. त्यातले दोन बिंदू बरोबर उणे π/२ आणि π/२ वर पडतात. खरा π/२ संगणकात मावत नाही, त्यामुळे टॅन तिथे अनंत होत नाही, पण १० च्या पंधराव्या-सोळाव्या घातात जातो. उभा अक्ष तेवढा ताणला जातो आणि बाकीचा ग्राफ आडवी रेघ होऊन बसतो. २०० बिंदू घेतले तर नेमके ते बिंदू चुकतात आणि ग्राफ जरा बरा दिसतो, पण मग अनंतस्पर्शीच्या (वक्र जिच्या जवळ जात राहतो पण जिला टेकत नाही त्या रेषेच्या) जागी उभ्या रेघा येतात. खूप जण त्या रेघांनाच अनंतस्पर्शी समजतात. त्या तशा नाहीत. डावीकडचा मोठा धन बिंदू आणि उजवीकडचा मोठा ऋण बिंदू यांना जोडणारी ती रेघ आहे, आणि ती किंचित तिरकीही असते. ‘वायलिम’ कमांडने उभा अक्ष उणे १० ते १० केला तरी ती जात नाही. घालवायची तर जोड तोडावी लागते:

वाय(ॲब्स(वाय) > १०) = नॅन;

नॅन म्हणजे ‘इथे आकडा नाही’. प्लॉट नॅनशी पोचला की पेन उचलतो. हीच युक्ती तुटक फंक्शन, उड्या मारणारं फंक्शन, सगळीकडे चालते. उलट दिशेने हाच नॅन त्रासही देतो: साइन(एक्स)./एक्स मध्ये एक्स शून्य आला की ०/० म्हणून नॅन येतो आणि ग्राफच्या नेमक्या शेंड्याला बारीक खाच पडते. उणे १० ते १० मध्ये २०१ बिंदू घेतले की शून्य त्यात येतोच. ‘वाय(एक्स == ०) = १;’ अशी एक ओळ जास्त लिहायची.

एक गोष्ट ऑक्टेव्हच्या माथी मारू नये. (एक्स-१) चा सातवा घात विस्तारून, म्हणजे एक्सचा सातवा घात उणे सात गुणिले सहावा घात असं लांबलचक लिहून, ०.९८८ ते १.०१२ मध्ये त्याचा ग्राफ काढा. गुळगुळीत वक्राऐवजी वारुळासारखी खडबडीत काळी पट्टी येते. इथे खऱ्या किमती १० च्या उणे १४ व्या घाताच्या आसपास, आणि ३५ सारख्या सहगुणकांच्या बेरजा-वजाबाक्यांत १५-१६ अंकांपुढचं जे कापलं जातं तेही तेवढंच. मॅटलॅब, सायलॅब, पायथन, कुठेही हेच होईल. कंसातला मूळ घात तसाच ठेवून काढलं की वक्र स्वच्छ येतो. तसंच (१-कॉस एक्स)/एक्स वर्ग हे फंक्शन शून्याजवळ ०.५ ला जायला हवं, पण एक्स १० चा उणे ८ वा घात झाला की कॉस बरोबर १ येतो आणि उत्तर शून्य. वरच्या भागाला २ गुणिले साइन वर्ग (एक्स/२) लिहिलं की ०.५ मिळतो. संख्यात्मक विश्लेषणाच्या पहिल्या तासाला दाखवायला यापेक्षा चांगली उदाहरणं नाहीत.

बिंदू स्वतः मोजायचा कंटाळा असेल तर ‘एफप्लॉट’ आहे. त्याला फंक्शन आणि मर्यादा द्यायच्या. बिंदू तो वाढवत जातो, दोन वेळच्या चित्रांतला फरक ठरलेल्या मर्यादेत आला की थांबतो. मर्यादा नाही दिल्या तर उणे ५ ते ५. झटपट बघायला छान, पण टॅनच्या उभ्या रेघा त्यालाही चुकत नाहीत. ‘ईझेडप्लॉट’ला अवतरणात ‘एक्स^२ + वाय^२ - १’ असं लिहून दिलं तरी चालतं, टिंबं तो स्वतः घालतो आणि वर्तुळ काढून देतो. मात्र अशा एक्स-वाय एकत्र गुंतलेल्या अव्यक्त समीकरणांना ‘काँटूर’ (सारख्या किमतीच्या बिंदूंची रेषा काढणारी कमांड) जास्त हाताशी राहतो: मेशग्रिडने जाळी करा, डावी बाजू उणे उजवी बाजू काढा, आणि ‘काँटूर(एक्स, वाय, झेड, [० ०])’ म्हणा. शून्य दोनदा लिहायचं, कारण एकच आकडा दिला तर ऑक्टेव्ह त्याला ‘किती रेषा’ असं समजतो. शेवटी ‘ॲक्सिस इक्वल’ विसरू नका, नाहीतर वर्तुळाचं अंडं होतं.

त्रिमिती ग्राफ हे ऑक्टेव्हचं देखणं अंग. ४१ बाय ४१ ची जाळी, म्हणजे १६८१ बिंदू, बहुतेक पृष्ठांना पुरते. हौसेने ४०१ बाय ४०१ कराल तर एक लाख साठ हजारांवर बिंदू होतात, माऊसने फिरवताना साधा लॅपटॉप धापा टाकतो, आणि वर चित्र काळं दिसतं. काळं का, तर ‘सर्फ’ (पृष्ठ काढायची कमांड) प्रत्येक चौकटीची कड काळ्या रेघेने काढतो. चौकटी बारीक झाल्या की रेघाच उरतात. ‘शेडिंग इंटर्प’ लिहिलं की कडा जातात आणि खालचे रंग दिसतात. मेशग्रिडमध्ये ओळी वायच्या आणि स्तंभ एक्सचे, हे लक्षात ठेवायचं. लूप लावून झेड(आय, जे) मध्ये आय म्हणजे एक्स धरलात आणि जाळी चौरस असली, तर एरर येत नाही, नुसता एक्स आणि वाय बदललेला ग्राफ येतो. एक्स वर्ग अधिक वाय वर्ग असल्या सममित फंक्शनवर तो कधी लक्षातही येणार नाही. म्हणून नव्या कोडची चाचणी नेहमी असममित फंक्शनवर घ्यावी, आणि जाळी मुद्दाम ४१ बाय ३१ अशी ठेवावी.

सजावटीचं थोडक्यात. मूळची रेघ ०.५ जाडीची, छापल्यावर फिकी पडते, ‘लाइनविड्थ’ १.५ करा, अक्षांच्या आकड्यांचा फाँट १० वरून १४. शाळेतल्यासारखे मधून जाणारे अक्ष हवे असतील तर ‘सेट(जीसीए, …)’ मध्ये ‘एक्सॲक्सिसलोकेशन’ आणि ‘वायॲक्सिसलोकेशन’ दोन्हींना ‘ओरिजिन’ द्या आणि ‘बॉक्स ऑफ’ करा. दोन ग्राफ एकावर एक काढायचे तर ‘होल्ड ऑन’, आणि काम झालं की ‘होल्ड ऑफ’. विसरलात तर पुढचा प्रत्येक ग्राफ जुन्यावर चढत जातो. ग्रीक अक्षरं उलट्या तिरक्या रेघेने येतात, पण इथे अवतरणचिन्ह कोणतं यावर सगळं अवलंबून. एकेरी अवतरणात थीटा बरोबर उमटतो. दुहेरीत तिरकी रेघ आणि ‘टी’ मिळून टॅब होतो आणि शीर्षकात नुसतं ‘हीटा’ उरतं. न्यू मध्ये नवी ओळ सुरू होते, बीटा मध्ये बॅकस्पेस. लेबलं कायम एकेरी अवतरणात लिहायची सवय लावा, दुहेरीचा विषयच नको.

मराठी लेबलांची मात्र रड आहे. ऑक्टेव्हची खिडकी अक्षरं एकामागून एक मांडते, देवनागरीची जोडणी करत नाही. फाँटमध्ये देवनागरी नसेल तर चौकोन, आणि असली तरी ‘क्ष’ सुटा होतो, ‘स्थिती’तल्या वेलांट्या भलत्या जागी पडतात. मराठी माध्यमाच्या पुस्तिकेसाठी किंवा मराठी लेखासाठी आकृत्या करणाऱ्याने लेबलं रिकामी ठेवून एसव्हीजी काढावी आणि मजकूर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालावा. दहा आकृत्या असतील तर वैताग येतो, पण निकाल छापण्याजोगा मिळतो. इतक्या वर्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे असावं याबद्दल एक गुण कापायलाच हवा.

चित्र साठवायला स्क्रीनशॉट काढू नका. ‘प्रिंट’ कमांडला फाइलचं नाव, ‘-डीपीएनजी’ आणि ‘-आर३००’ द्या. मूळचं रिझोल्यूशन १५० असतं, ते पडद्याला पुरतं, छापील रिपोर्टाला नाही. रेघांचे ग्राफ पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये काढावेत, कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत. साध्या पीडीएफमध्ये ग्राफभोवती अख्खं कोरं पान येतं. ‘-डीपीडीएफक्रॉप’ दिलं की तेवढाच ग्राफ मिळतो. लाखभर चौकटींचं सर्फ पीडीएफमध्ये काढायला जाऊ नका, फाइल उघडणाऱ्याचे हाल होतील, त्याला पीएनजीच.

फाइलींच्या नावांतही गोम आहे. स्क्रिप्ट ‘प्लॉट’ या नावाने साठवलीत तर त्यानंतर प्लॉट म्हटलं की ऑक्टेव्ह तुमचीच फाइल चालवतो, ती पुन्हा प्लॉटला बोलावते, आणि २५६ फेऱ्यांनंतर खोली संपली म्हणून एरर येते. नावात रिकामी जागा किंवा मधली रेघ नको. ‘प्रॅक्टिकल_३’ चालेल, ‘प्रॅक्टिकल-३’ नाही. टर्मिनलमधून स्क्रिप्ट चालवली की ग्राफ क्षणभर चमकून नाहीसा होतो, कारण स्क्रिप्ट संपताच ऑक्टेव्हही बंद होतो. ‘--पर्सिस्ट’ लावून चालवा.

बाकीच्यांशी तुलना. मॅटलॅबची ग्राफची खिडकी जास्त सफाईदार आहे, फिरवताना अडखळत नाही, मदतीची पानंही जास्त चांगली. पण या लेखातल्या बहुतेक कमांड दोन्हीकडे सारख्याच चालतात, आणि पदवीच्या अभ्यासक्रमाला तेवढं बस होतं. सूत्राचं अवकलन करून त्याचाच ग्राफ हवा असेल तर ऑक्टेव्हला ‘सिम्बॉलिक’ पॅकेज आणि त्यामागे पायथनचं सिमपाय लागतं. ते बसवायची खटपट करण्यापेक्षा त्या कामाला सरळ मॅक्सिमा हे सूत्रांवरच गणित करणारं सॉफ्टवेअर घ्यावं. सायलॅब हाही फुकट आणि चांगला, त्यातला एक्सकॉस हा आकृत्या जोडून प्रणाली उभी करायचा भाग ऑक्टेव्हकडे नाही. शिवाय आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात सायलॅबचे धडे मराठीतून ऐकायला मिळतात, इंग्रजीची धास्ती असलेल्या विद्यार्थ्याला हा मोठा आधार आहे. मात्र त्याची भाषा थोडी निराळी: π ला आधी टक्क्याची खूण, टिप्पणीला दोन तिरक्या रेघा. एकाचं कोड दुसऱ्यात जसंच्या तसं चालणार नाही. पायथन आधीच येत असेल तर त्यातली ग्राफ काढायची लायब्ररी मॅटप्लॉटलिब सोडून इकडे यायचं काही कारण नाही. फोनवरून किंवा सायबर कॅफेतून काम भागवायचं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं ऑक्टेव्ह ऑनलाइन आहे; ग्राफ येतो, पण त्रिमिती आकृती माऊसने फिरवता येत नाही, ‘व्ह्यू’ला कोन देऊन पुन्हा काढावी लागते.

कॉलेजात तपासणी मॅटलॅबवर होणार असेल आणि घरी ऑक्टेव्हवर लिहीत असाल, तर एवढं पाळा: टिप्पणीला ‘#’ नको, ‘%’ वापरा; ‘एंडइफ’, ‘एंडफॉर’ नको, नुसतं ‘एंड’; ‘प्रिंटएफ’ ऐवजी ‘एफप्रिंटएफ’; आणि ‘आय++’ किंवा ‘आय += १’ ऐवजी पूर्ण ‘आय = आय + १’. ऑक्टेव्ह हे सगळं लाडाने चालवून घेतो, मॅटलॅब पहिल्याच ओळीला अडवतो.